शेवंतीचं कुंपण

मनोरीच्या खाडीकडे उतरणारा अर्धा एकर,
मध्ये विहीर, आणि शेवंती.
जुहूच्या वाळूवर सतरा वर्षं
दुसऱ्यांची पोरं पाठीवर घेऊन
एका नारळवाल्यापासून दुसऱ्या नारळवाल्यापर्यंत
चाललेली घोडी.
अजूनही चाळीस पावलं जाते
आणि कुणी लगाम न ओढता वळते.

हिला कुंपण कशाला, भावाने विचारलं.
मग एका पहाटे ती आल्मेडांच्या भेंडीत सापडली,
त्याने पुन्हा विचारलं नाही.

काटेरी तार नको, एवढं आधीच ठरलेलं.
दहिसरच्या माणसाने लोखंडी पाइप आणला,
जस्ताचा थर नखाने वाजवून दाखवला.
मी त्याला खिडकीचे गज दाखवले:
तेही जस्ताचेच होते,
आता हात लावला की तपकीर सांडते.
दुसऱ्याकडे पांढरं प्लास्टिक,
कॅटलॉगमध्ये त्याच्यामागे डोंगर आणि बर्फ.
उन्हात पिवळं पडणार नाही?
पडलं तर धुवा, म्हणाला.

राहिलं लाकूड.
वांद्र्याच्या पाडलेल्या बंगल्याचे सागवानी वासे
भाईंदरचा वळसा घालून टेम्पोने आले,
आणि इनास मिस्त्री, ज्याने जन्मभर होड्या दुरुस्त केल्या,
एकेक वासा ठोकून कान लावून ऐकत बसला.
अकरा बाजूला काढले. हे पोकळ बोलतात, म्हणाला.

भावाचा फोन: सरळ भिंतच का नाही घालत?
इनासने फोन माझ्या हातातून घेतला.
"भित वाऱ्याला नाय म्हनते, बाबा,
न् वारा काय इचारीत बसत नाय.
तीन दांडे आडवे, मधे उघडं.
येवंदे त्याला. जावंदे."

खड्डे अडीच हात. तळाला खडी,
सिमेंटची वाटी करायची नाही,
तिच्यात पाणी साचतं आणि खांब पीत राहतो.
बुडखे डांबरात. माथे तिरके कापलेले,
थेंबाला बसायला जागा नको.
स्क्रू स्टेनलेसचे, माझ्या पेन्शनचा लचका.
दांडे आतल्या अंगाने,
कारण घोडीला खाज सुटते
आणि बाहेरून ठोकलेला दांडा
एका खाजेत निघून येतो.
दर एप्रिलला जवसाचं तेल.
तिसऱ्या वर्षी मी ते विसरले. मुद्दाम नव्हे,
गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

त्याच मे महिन्यात वादळ.
रात्रभर पत्रे उडत होते, कुणाचे ते कळेना,
मी गोठ्याच्या दिशेने बॅटरी मारायची
आणि उजेड पावसातच संपायचा.

सकाळी विहिरीत आल्मेडांचा अर्धा पत्रा.
पलीकडच्या प्लॉटची नवी भिंत
सबंध, नीट, आडवी निजलेली,
तिच्यावरचं "प्रवेश बंद" आभाळाने वाचावं असं.
आमच्याकडे सुरूचं झाड दोन खांबांवर.
बाकी सगळं उभं, ओलं, काळं.
आणि शेवंती कुंपणाबाहेर,
मान मधल्या दांड्यातून आत घालून
आपल्याच घमेल्यातला कोंडा खात.
शेजारी हातभर भगदाड होतं.
तिने ते पाहिलंच नसावं,
किंवा पाहून सोडून दिलं.

इनास आला, मोडलेले खांब उलटेपालटे केले.
खालचं डांबर जसंच्या तसं.
वर कापलेला माथा कोरडा, बदामी.
मोडले दोघेही एकाच ठिकाणी,
माती संपते तिथे, बोटभर वर,
खारकेसारखे मऊ.

"आत कुजत नाय, वर कुजत नाय," तो म्हणाला,
"शिवेवर कुजतं."
आणि पहार उचलली.

मी तेलाचा डबा शोधायला गेले.
मागून दांड्याचा करकर आवाज आला:
तिला परत खाज सुटली होती.